बत्तीस छिद्रांचा ड्रम

६ जानेवारी

भाऊजी,

आशीर्वाद. पत्र बघून दचकू नका, इथे सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते, पण तुमच्या कानांपुढे मी हात टेकले आहेत. शिवाय इथे फोनवर बोलायचं म्हणजे लेक एका बाजूला, जावई दुसऱ्या बाजूला आणि बाळ मधोमध फोन चाटत बसलेलं. त्यापेक्षा कागद बरा. उत्तर लिहाल तेव्हा जरा मोठं अक्षर काढा. घड्याळाच्या पोटात लिहीत नाही आहात तुम्ही.

आता कामाचं. बाळंतपणाला म्हणून इथे आले त्याला चार महिने होऊन गेले. बाळ बसायला लागेपर्यंत तरी मला हलता येत नाही. तोवर माझा खताचा ड्रम मागच्या अंगणात बेवारशासारखा उभा आहे, आणि तुम्ही वरच्या मजल्यावरून सगळी सालं कचरागाडीत टाकत असणार. नाही म्हणू नका, मी तुम्हाला चौदाव्या वर्षापासून ओळखते. उद्यापासून सालं ड्रममध्ये टाका. एक थर सालांचा, त्यावर कोरड्या पानांचा. चार दिवसांनी सळईने खालवर करायचं. शिजलेलं, तेलकट काही टाकायचं नाही. मूठभर घेऊन दाबलं की बोटांना ओल लागावी, पाणी ठिबकू नये. बस्स, एवढंच शास्त्र आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं मी ढीगभर बटाट्यांची सालं अशीच जिरवली.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहिते, म्हणजे लक्षात राहील. ड्रमच्या तळाशी हातभर काळं खत आहे, त्याला हात लावायचा नाही. ते विरजण आहे. दह्याला जसं आदल्या दिवशीचं दही लागतं, तसं नव्या खताला जुनं खत. एकोणीस वर्षांपूर्वी तुमच्या दादांनी हा ड्रम आणला, तापलेल्या सळईने त्याला बत्तीस छिद्रं पाडली आणि कुठूनसं पहिलं विरजण आणून घातलं. ते जाऊन चार वर्षं झाली, विरजण अजून काम करतंय. मी दरवर्षी खत काढते, पण तळ कधी रिकामा करत नाही.

आणि टाकीचा गळका पाइप दुरुस्त केलात का? गावभरची घड्याळं नीट केलीत आणि घरचा नळ टिपटिप करतोय.

वहिनी

*

११ जानेवारी
(हे पत्र टाकलं नाही. घड्याळांच्या सुट्या काट्यांच्या खणात ठेवलं.)

ती. वहिनींस नमस्कार.

तुमचं पत्र अकरा वाजता आलं. मी ड्रमचं काम दहा वाजता संपवलं होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

झालं असं, की दुकान बंद केल्यापासून हात शिवशिवतात. समोर दुरुस्तीला काही नाही. परवा मागच्या अंगणात गेलो, तर तुमचा ड्रम दिसला. झाकण उघडलं. आत काळं-काळं काहीतरी बसलेलं, आणि अंगाला भोकंच भोकं. मला वाटलं, वहिनी गेल्या आणि ड्रम सडला. म्हटलं, त्या येण्याआधी नवाकोरा करून ठेवू, खूष होतील.

चाळीस वर्षं माझ्याकडे जे घड्याळ आलं ते मी आधी उघडलं, पुसलं, मग पुढचं. हवा आणि धूळ आत गेली नाही पाहिजे हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. त्या हिशेबाने मी सहा बादल्या काळा गाळ काढला आणि मागच्या भिंतीपलीकडे, फुटक्या कौलांच्या ढिगाजवळ फेकला. ड्रम सोड्याच्या उकळत्या पाण्याने धुतला. मग फिनाईलने. मग उलटा करून वाळवला. बत्तीसच्या बत्तीस भोकांना लाकडी खुंट्या तासून बसवल्या आणि वर फटी बुजवायची लांबी भरली. असा घट्ट बसलाय की आत पाणी भरलं तरी थेंब गळायचा नाही. मी स्वतःवरच खूष होऊन त्याच्याकडे बघत बसलो होतो तेवढ्यात पोस्टमन आला.

वहिनी, दादाने घातलेलं विरजण मी टाकून दिलं. एकोणीस वर्षं तुम्ही जपलंत आणि मी दोन दिवसांत निकालात काढलं. दादा असता तर त्याने मला त्याच ड्रममध्ये बसवून झाकण लावलं असतं.

तुम्हाला हे कसं कळवू? एक तर तुम्ही तिकडे रमलात असं सगळे म्हणतात. परत यायला तुमच्याकडे इथे होतं काय, दोन खोल्या आणि हा ड्रम. त्यातला ड्रम मी

(पुढे लिहिलेलं नाही.)

*

१२ जानेवारी

ती. वहिनींस नमस्कार.

पत्र मिळालं. ड्रम जागच्या जागी आहे. विरजण जागच्या जागी आहे. तुम्ही लिहिल्याप्रमाणे सगळं जागच्या जागी असून आजपासून सालं टाकायला सुरुवात केली आहे.

एक शंका. समजा, एखाद्या माणसाने असल्या ड्रमची छिद्रं बुजवली, तर काय होतं? सहज विचारतो.

पाइपचं बघतो.

भाऊजी

*

२० जानेवारी

भाऊजी,

समजा एखाद्या माणसाने बुजवली असतील, तर त्या शहाण्याला सांगा की आधी ती उघड. अहो, ड्रमला श्वास लागतो! घड्याळात हवा जाऊ द्यायची नाही आणि ड्रममध्ये गेलीच पाहिजे, एवढाच तुमच्या-माझ्या धंद्यात फरक. हवा नसली की सालं कुजतात, हवा असली की मुरतात. कुजणं आणि मुरणं वेगळं. माणसांचंही तसंच आहे म्हणा.

इथलं म्हणाल तर फार सुख आहे. पाचवा मजला, लख्ख फरशी, बटण दाबलं की कचरा थेट खाली पोचतो. ओट्यावर कांद्याचं साल दोन मिनिटं टिकत नाही, लेक पाठीमागे फडकं घेऊन उभीच. मला काही म्हणजे काही करू देत नाही. काल मी भाजी निवडायला बसले, तर म्हणाली, "आई, निवडलेली मिळते आता." मग मी बाळाला घेऊन खिडकीत बसले. खालून माणसं मुंग्यांएवढी दिसतात. बाळाला ती आवडतात.

एक विचारायचं होतं. लेकीचं म्हणणं, आई आता इथेच राहा, खालच्या दोन खोल्या उगाच बंद कशाला ठेवायच्या? तिच्या ओळखीचं एक जोडपं आहे, दोघंही नाच शिकवतात. जूनपासून त्यांना द्याव्यात म्हणते. मी अजून हो किंवा नाही, काहीच म्हटलेलं नाही. तुमचं मत कळवा. शेवटी डोक्यावर तुम्ही राहता आणि पायाखाली ते नाचणार.

वहिनी

*

३ फेब्रुवारी

ती. वहिनींस नमस्कार.

छिद्रं पूर्ण उघडी आहेत. तो जो माणूस होता त्याने ती एकेक करून उघडली, त्याला दोन दिवस लागले आणि अंगठ्याला फोड आला.

परंतु ड्रमचं लक्षण ठीक नाही. वास सुटला आहे. सोमवारी शेजारचे नाकवाले आले. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या घरी डाळ करपली तर त्यांना त्यांच्या अंघोळीच्या खोलीत कळतं. रुमाल नाकाला लावून म्हणाले, "तुमच्याकडे काही मेलंय का?" मी म्हटलं, "नाही, खत होतंय." ते म्हणाले, "मग त्याला लवकर व्हायला सांगा."

मी डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं. पांढऱ्या अळ्या आहेत. एवढ्या जवळून पाहिल्यावर त्यांचीही रचना सुबक वाटते, पण जेवण गेलं नाही. मी सालं अगदी स्वच्छ धुऊन टाकतो, अंगणातली पानं रोज झाडून कचरागाडीत देतो, म्हणजे ड्रमच्या आसपास घाण नको. तरी हे असं का व्हावं?

खोल्यांबद्दल विचारलंत. घर तुमचं आहे, निर्णय तुमचा. माझी काही हरकत नाही. तिकडे तुम्हाला सुख आहे हे वाचून बरं वाटलं.

पाइप अजून राहिला आहे.

भाऊजी

*

११ फेब्रुवारी

भाऊजी,

हरकत नाही, वाचलं. बरं झालं स्पष्ट लिहिलंत.

सालं धुता? धुऊन? जगात सालं धुऊन कचऱ्यात टाकणारा माणूस एकच असेल आणि तो नेमका माझ्या वाट्याला यावा! आणि जी कोरडी पानं ड्रमला हवीत ती गाडीत देऊन टाकता. म्हणजे पाहुण्याला पाणी पाजून-पाजून मारायचं आणि जेवण शेजाऱ्याला वाढायचं. धुणं आजपासून बंद. कोपऱ्यावरच्या सुताराकडून पोतंभर भुसा आणा, तो आनंदाने देईल, त्याला झाडायचा कंटाळा. एक वाटी ओलं तर दोन वाट्या कोरडं. वर मातीचा हात फिरवा. दोन दिवसांआड सळईने ढवळा. आठवड्यात वास जाईल, अळ्या आपल्या वाटेने जातील.

नाकवाल्यांशी भांडू नका. त्यांना मुकादम करा. ज्याला नाक आहे त्याला नाकाचं काम द्यावं. रोज सकाळी बोलवा आणि विचारा, आज कसं आहे. तक्रार करणाऱ्याला एकदा कामाला लावलं की तो ते काम आपलंच समजतो. शाळेत मी मुख्याध्यापकांवर हाच प्रयोग केला होता.

आणखी एक. ड्रममध्ये काय-काय टाकलंत ते कळवा. खरं-खरं.

वहिनी

*

४ मार्च

ती. वहिनींस नमस्कार.

वास गेला. अळ्या गेल्या. नाकवाले मात्र जात नाहीत. रोज सकाळी सात वाजता हात पाठीमागे बांधून हजर. झाकण मी उघडतो, ते डोळे मिटून एकच दीर्घ श्वास घेतात आणि निकाल देतात. परवा म्हणाले, "जंगलाकडे झुकतंय." काल म्हणाले, "भुसा कमी पडला." आणि खरंच कमी पडला होता! माझ्याआधी त्यांनी सुताराकडून आणून ओतला. आता ते इतरांना सांगतात, "आमच्या ड्रमला."

ड्रममध्ये गेलेल्या मालाची यादी: बटाट्याची सालं, अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा, केळ्याची सालं. पुन्हा बटाट्याची सालं.

परंतु एक अडचण आहे. सात आठवडे झाले तरी साल ते सालच आहे. वास नाही, पण काम पुढे सरकत नाही. हात घातला तर आत गार. तुम्ही म्हणायचात, चालू ड्रम आतून ऊन लागतो. सहज विचारतो, विरजण नसलेल्या ड्रमला साधारण किती दिवस लागतात? आपल्याकडे आहेच म्हणा.

तुमच्या खोल्या उघडून खिडक्या उघड्या केल्या, हवा खेळती केली. जाळी काढली. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली दिली, ते बंद पडलेलं बरं दिसत नव्हतं. आता दर रविवारी देतो.

भाऊजी

*

१२ मार्च

भाऊजी,

शितावरून भाताची परीक्षा करतात, मी सालांवरून तुमच्या जेवणाची केली. बटाटा, अंडं, चहा, केळं, पुन्हा बटाटा. पालेभाजीचं एक देठ नाही, भोपळ्याचं साल नाही, काकडीचं टोकसुद्धा नाही. मी गेल्यापासून तुम्ही स्वयंपाक केलेला नाही, उकडलं आहे. ड्रम काय डोंबलाचा गरम होणार, तोही कंटाळला असेल.

खोल्या उघडल्यात, जाळी काढलीत, खिडक्या उघडल्यात. छान केलंत. तयारी चालू झाली म्हणायची. मग मीही जास्त ताणत नाही. लेकीला मी हो सांगून टाकलं आहे. नाचवाले जूनच्या एक तारखेला येतील. माझं सामान तोवर हलवू. त्यांना अंगणात सराव करायचा असणार, तेव्हा ड्रमही तिथे ठेवून चालणार नाही. भंगारवाल्याला द्या.

फक्त एक करा. तळचं विरजण डबाभर काढून ठेवा. जावई पंधरा एप्रिलला कामासाठी तिकडे येणार आहेत, त्यांच्याकडे द्या. तुमच्या दादांची तेवढी एकच गोष्ट मला हवी आहे. बाकी कशात जीव अडकलेला नाही.

विरजण नसलेल्या ड्रमला फार दिवस लागतात. पण आपल्याकडे आहेच म्हणा.

वहिनी

*

४ एप्रिल

भाऊजी,

तीन आठवडे झाले, पत्र नाही. तब्येत बरी आहे ना? नाकवाल्यांच्या घरी फोन केला, तर ते म्हणाले, "ते मागच्या भिंतीपलीकडे असतात हल्ली, बोलावू का?" आणि बोलवायला गेले ते आलेच नाहीत. अर्धा तास मी त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकत बसले.

बाळ काल बसलं. धरल्याशिवाय. दोन क्षण, मग कलंडलं. बसताना असं इकडेतिकडे बघत होतं, जसं काही ही खोली पहिल्यांदाच दिसतेय.

जावई पंधरालाच येताहेत. डबा विसरू नका.

वहिनी

*

१५ एप्रिल

ती. वहिनींस नमस्कार.

जावईबापू समोर बसून चहा पिताहेत आणि सारखं हातातलं घड्याळ बघताहेत. (त्यांचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे.) तेव्हा घाईत लिहितो. अक्षर मोठं आहे, बघा.

या पत्रासोबत एक जुनं पत्र आहे, अकरा जानेवारीचं. ते आधी वाचा. मग हे.

वाचलंत? आता शिव्या द्या. मी इथे बसून ऐकतो, माझे कान तेवढ्यापुरते चांगले आहेत.

तुमचं मार्चचं पत्र आलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. मागून-मागून तुम्ही एकच गोष्ट मागितलीत आणि नेमकी तीच मी फेकलेली. दोन दिवस घरातून बाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, सुताराच्या अंगणातली माती भरून द्यावी, तुम्हाला काय कळणार. डबा भरलासुद्धा. मग झाकण लावताना हात थांबला. चाळीस वर्षांत मी कुणाच्या घड्याळात नकली भाग घातला नाही, आणि आता वहिनींच्या डब्यात घालू? माती परत नेऊन टाकली.

मग फावडं घेऊन भिंतीपलीकडे गेलो. जानेवारीत गाळ फेकला त्यानंतर तिकडे फिरकलोच नव्हतो, तोंडच नव्हतं. म्हटलं, वाळून उडून गेलं असेल, निदान चिमूटभर मिळालं तर बघू. वहिनी, तिथे टोमॅटो लागले होते! अकरा झाडं. मी मोजली. आणि एक भोपळ्याचा वेल, तो फुटक्या कौलांवरून चढून भिंतीवर आणि तिथून थेट नाकवाल्यांच्या अंगणात. ते म्हणाले, "तुम्हीच लावलाय समजून मी गप्प होतो. दोन भोपळे खाल्लेही."

वेल बाजूला करून खणलं. खाली काळं, भुसभुशीत, ओलं, आणि गांडुळंच गांडुळं. ओलं कसं राहिलं सांगतो. टाकीचा गळका पाइप बरोबर त्याच्या डोक्यावर आहे. दोन-अडीच महिने त्याने थेंब-थेंब पाणी घातलं. तुमचं ऐकून मी तो वेळेवर दुरुस्त केला असता, तर आज डबा रिकामा असता. तेव्हा पाइपबद्दल आता काही बोलायचं नाही.

तीन आठवडे मी तिथेच होतो. सहा बादल्या चाळून, कौलांचे तुकडे वेचून ती परत ड्रममध्ये आणली. पहिली बादली घातल्यापासून सातव्या दिवशी हात घातला तर आत ऊन! मी ओरडलो. नाकवाले तुमचा फोन तसाच टांगता ठेवून धावत आले, आणि आम्ही दोघं म्हातारे ड्रममध्ये हात घालून उभे. फोनचं त्यांना दुसऱ्या दिवशी आठवलं. क्षमस्व.

डब्यात तेच आहे. खात्रीसाठी नाकवाल्यांना डोळे मिटायला लावून हुंगायला दिलं. ते म्हणाले, "वहिनींचा ड्रम. शंका नाही."

आता दुसरं. मी लिहिलं होतं, माझी काही हरकत नाही. ते खोटं होतं. हरकत आहे. मला नाचवाले नकोत. वरून पाय आपटून आपटून मी त्यांना महिनाभरात पळवून लावीन. खिडक्या मी भाडेकरूंसाठी उघडल्या नव्हत्या. तुमच्या खोल्यांना कोंदट वास येऊ लागला होता आणि तो मला सहन होईना, म्हणून उघडल्या. घड्याळाला किल्ली दिली ती जिना उतरताना खालून टिकटिक ऐकू यावी म्हणून. ऐकू येत नाही, कानांचं तुम्हाला माहीतच आहे, पण चालू आहे हे ठाऊक असतं.

तिकडे तुम्हाला सुख आहे, नात आहे, मी कोण मधे बोलणारा, असं वाटून गप्प बसलो. तुम्ही लेकीला शब्द दिला आहे, तो मोडा असं सांगायचा मला हक्क नाही. पण ड्रम मी भंगारात देणार नाही. तुम्ही आलात तर तुमचा, नाही आलात तर मी चालवीन.

घर तुमचं आहे असं लिहिलं होतं, तेवढं मात्र खरं लिहिलं होतं. जावईबापू उठले.

भाऊजी

ता. क. टोमॅटो चार पाठवतो. एक नाकवाल्यांनी हुंगलेला आहे, धुऊन घ्या.

*

२० एप्रिल

अहो भाऊजी,

डबा पोचला, टोमॅटो पोचले, दोन्ही पत्रं पोचली. जुनं पत्र वाचून मी इतकी हसले की लेक स्वयंपाकघरातून फडकं घेऊन धावत आली. मग नवं वाचलं आणि ते फडकं मलाच लागलं, डोळे पुसायला.

आता माझं ऐका. खाई त्याला खवखवे म्हणतात. तुमच्या जानेवारीच्या चार ओळींत तीनदा "जागच्या जागी" होतं. जी वस्तू खरोखर जागेवर असते तिच्याबद्दल माणूस एकदाही लिहीत नाही. त्याच दिवशी मी ओळखलं, ड्रम धुतला.

कसं ओळखलं? कारण तुमच्या दादांनीही धुतला होता.

हो. ड्रम आणल्यावर तिसऱ्या वर्षी. मी शाळेत गेले होते. ह्यांना सुट्टी, हात शिवशिवले, सगळं काढून फेकलं, साबणाने ड्रम घासला आणि संध्याकाळी मूग गिळून बसले. मी झाकण उघडलं तर आतून साबणाचा वास. दुसऱ्या दिवशी शाळेच्या खड्ड्यातलं डबाभर विरजण आणलं आणि हे बाहेर गेल्यावर गुपचूप तळाशी ओतलं. महिन्याभराने ड्रम गरम झाला. तेव्हापासून पुढची बारा वर्षं ते दारात येईल त्याला सांगायचे, "माझं विरजण असं चिवट, की धुतलं तरी मरत नाही!" मी मान डोलवायची. त्यांना जाईपर्यंत सांगितलं नाही. तेव्हा दादांचं विरजण म्हणून तुम्ही जिथे तीन आठवडे घाम गाळलात, ते मुळात शाळेतल्या बटाट्यांच्या सालांचं आहे. दोघे भाऊ एकाच साच्यातले.

आणि तेव्हापासून मी कायम एक डबा बाजूला भरून ठेवते. तुमच्या घराण्याचा काय भरवसा! इथे येतानाही कपड्यांच्या पेटीत घालून आणला होता. लेकीच्या कपडे धुवायच्या यंत्रामागे सात महिने चालू आहे. रोज दोन केळ्यांची सालं त्याला चोरून घालत होते. गेल्या आठवड्यात तिला सापडला. आधी किंचाळली. मग हुंगलं. मग म्हणाली, "आई, ह्याला आपल्या अंगणाचा वास येतोय," आणि तिथेच फरशीवर बसली. तुला परत जायचं आहे ना, असं तिनेच विचारलं.

म्हणजे मला विरजण नको होतं. तुमच्या "हरकत नाही"ने मात्र मी खरंच दुखावले होते. वाटलं, पन्नास वर्षं ज्याला जेवायला वाढलं त्याला मी गेल्याचं काहीच नाही. खिडक्या उघडल्यात तेव्हा तर खात्रीच पटली. म्हणून डबा मागितला. म्हटलं, भाऊजींनी कुठली तरी माती भरून गोड पत्र धाडलं, तर समजायचं तिथे आपली जागा उरली नाही, आणि मग लेकीला हो म्हणायचं. तोवर मी तिला हो म्हटलेलंच नव्हतं. तुम्ही तीन महिने खोटं बोललात, मी एकाच पत्रात. फिटंफाट.

लेक थोडी रडली, थोडी रागावली, आणि आता माझ्या सामानाची यादी करतेय. यंत्रामागचा डबा तिने ठेवून घेतला आहे. रोज हुंगते. नाचवाल्यांना दुसरीकडे जागा मिळेल, पाय मजबूत असतात त्यांचे. बाळ आता एकटं बसतं, तेव्हा माझी इथली नोकरी संपली. दर दोन महिन्यांनी ती सगळी तिकडे येणार असं ठरलंय. बाळाला मातीत बसवायचं आहे मला एकदा.

तीन मेच्या सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नका, गर्दीत हाका मारून माझा घसा बसेल आणि तुम्हाला ऐकू यायचं नाही. वेलावर उरले असतील ते भोपळे तोडू नका, मी आल्यावर तोडू. नाकवाल्यांना सांगा, मुकादमी त्यांच्याकडेच राहील. पाइप तसाच गळू द्या.

आणि खालच्या दाराचं कुलूप काढून ठेवा. किल्ली शोधत बसायला मला वेळ नसेल. प्रवासातल्या केळ्यांची सालं हातात असतील, आधी ड्रमकडे जावं लागेल.

वहिनी